साध्या पट्टीचा उपास

मी आयुष्यभर शेवाळ वाढवलं. जुळे सोलापूरला राहायला आलो तेव्हा सोसायटीच्या हळदीकुंकवात कुणीतरी "तुम्ही काय करता?" म्हणून विचारलं आणि मी हेच उत्तर दिलं. शेजारच्या वहिनींनी माझा हात हातात घेतला आणि त्यांच्या न्हाणीघरातलं शेवाळ कोणत्या पावडरीने गेलं ते हळू आवाजात सांगितलं. तिथून पुढे मी "लॅबमध्ये असते" एवढंच सांगू लागले. लोकांना वाटायचं, ही रक्त-लघवी तपासते. तेवढं चालायचं.

खरं काम असं होतं. ज्या शेवाळावरून आपण घसरून पडतो, त्याची चुलत भावंडं इतकी बारीक असतात की सुटं एखादं डोळ्याला दिसत नाही. पाणी हिरवं झालं की ती आहेत असं समजायचं. आमच्या छोट्या संशोधन केंद्रात ती आधी काचेच्या चंबूत वाढवायची, मग मागच्या आवारातल्या गुडघाभर खोल सिमेंटच्या तीन टाक्यांत सोडायची, आणि दाट झाली की ते हिरवं पाणी कॅनमध्ये भरून ज्वारी-गव्हाच्या रानात न्यायचं. पेरणीआधी बियाणं त्यात काही तास भिजवून सावलीत सुकवायचं. पुढे पीक पोटरीत येण्याआधी, म्हणजे कणीस धरायच्या आधी, दोन वेळा ते पातळ करून पानांवर फवारायचं. हे खत नव्हे. खत म्हणजे जेवण, आणि आमचं पाणी म्हणजे ते जेवण अंगी लागावं म्हणून दिलेला काढा. मूळ जोमानं सुटतं, पाण्याचा ताण पीक जरा जास्त सोसतं, इतकंच. "जादू होईल म्हणून सांगणाऱ्याला दारात उभं करू नका," असं मी शेतकऱ्यांना बजावायची. आमचे शास्त्रज्ञ, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो, ते परतीच्या वाटेवर म्हणायचे, "बाई, आपण माल द्यायला आलो होतो की लोकांना हाकलायला?"

मूळ शेवाळ जिवंत ठेवणं ही माझी खास जबाबदारी. बायकांना ते एका शब्दात कळतं: विरजण. कालच्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी राखायचं. तसं जुन्या चंबूतलं थोडं नव्या चंबूत, दर आठवड्याला, न चुकता. सणवार, बाळंतपण, सासूबाईंचं ऑपरेशन, काहीही असो. घरच्या विरजणाला दोन दिवस उशीर झाला तर शेजारून वाटीभर आणता येतं. माझ्या विरजणाला सोलापुरात शेजार नव्हता.

एका मे महिन्यात उन्हानं नेहमीसारखा कहर केला. वावटळीत टाक्यांवरची सावलीची जाळी फाटली, पाणी तापलं, आणि त्यात शेवाळ खाणारे बारीक पाणकिडे पडले. त्याच शनिवार-रविवारी लॅबची वीज गेली, एसी थांबला आणि बंद खोलीत चंबूही शिजले. सोमवारी कुलूप उघडलं तर टाक्यांत चहासारखं पाणी आणि नाक धरायला लावणारा वास. साहेब खुर्चीत बसले ते उठेचनात. मी म्हटलं, "साहेब, एक गुन्हा कबूल करते. एक बाटली माझ्या घरी आहे." नियमानं बाहेर काही न्यायचं नव्हतं, पण माझा त्या एसीवर कधीच विश्वास नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीत, लोणच्याच्या बरणीमागे, दोन वर्षं मी एक बाटली सांभाळत होते. आमचे हे रोज सकाळी दात घासायच्या आधी ती हलवायचे. लग्नाच्या वाढदिवशी साडी विसरतील, पण बाटली हलवायला विसरले नाहीत. त्या बाटलीतून तिन्ही टाक्या पुन्हा उभ्या राहिल्या. साहेबांनी मला मेमो दिला आणि तो देताना पेढ्यांचा पुडाही दिला.

गिऱ्हाइकं तर काय सांगावीत! ठिबकवाले शेतकरी मला बघून हात जोडायचे. नळ्यांत शेवाळ साचून ठिबकची भोकं बुजतात, ती साफ करता करता त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला. एकानं तर सरळ विचारलं, "बाई, तुमी शेवाळाच्या बाजूच्या का आमच्या?" उजनीच्या काठावरचा एक केळीवाला आला आणि म्हणाला, "आमचं अख्खं धरान हिरवंगार हाय की. मोटार लावतो आन् फुकटात फवारतो. तुमचा कॅन कशाला?" मी त्याला विचारलं, "माळावर उगवलेली कुठलीही छत्री तोडून भाजीला घालता का?" तो म्हणाला, "येड लागलंय का? एखादी इखारी असती." म्हटलं, "धरणातलं शेवाळही तसंच. त्यात कोण भला, कोण विखारी, हे वरून दिसत नाही. माझ्या कॅनमधल्याची सात पिढ्यांची ओळख आहे." तो डोकं खाजवत गेला आणि पंधरा दिवसांनी कॅन घ्यायला परत आला.

पण मला सांगायची आहे ती कोंडाबाईंची गोष्ट. नोकरीच्या शेवटच्या दोन हंगामांतली.

वरून विचारणा आली होती की या टाक्यांचा उपयोग काय. टाक्या फोडून तिथं दुचाकींची शेड करावी असा प्रस्ताव होता. साहेबांनी मुदत मागितली: शेतकऱ्याच्या रानात, कोरडवाहू ज्वारीवर एक नीट प्रयोग करतो, फरक दिसला तर टाक्या राहतील, नाही तर तुम्ही शेड बांधा. त्यासाठी मंगळवेढ्याकडच्या एका गावातलं सिद्राम नावाच्या तरुण शेतकऱ्याचं काळंभोर रान ठरलं. कोंडाबाई त्याची आई. सत्तरीची, काटक, दिवसाला सहा कप गुळाचा चहा पिणारी. रानातलं तिच्याशिवाय काही हलायचं नाही.

प्रयोगाची रीत सोपी असते. एका पट्टीला हिरवं पाणी द्यायचं आणि शेजारच्या पट्टीला नुसतं साधं पाणी. बाकी माती, बियाणं, पेरणीचा दिवस सगळं सारखं. कुठल्या पट्टीला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, म्हणजे चांगली जागा आपल्याच मालाला दिली असं कुणी म्हणायला नको. वावरात अशा पट्ट्या आलटूनपालटून बऱ्याच होत्या, पण गावानं त्यांची नावं दोनच ठेवली: हिरवी पट्टी आणि साधी पट्टी. मीही तसंच म्हणते.

पहिल्या हंगामात सगळं सुरळीत झालं. ज्वारी काढली, मळली आणि वजनं केली. हिरवी पट्टी आणि साधी पट्टी काट्यावर जवळजवळ सारख्या! साहेबांचा चेहरा उतरला. आणि कोंडाबाई मात्र खुशीत, टाळी देत म्हणाल्या, "बगा, दोनी सारक्या आल्या की! म्हनलं हुतं न्हवं, मी बराबर बगते म्हनून!"

हळूहळू उलगडा झाला. त्यांनी साध्या पट्टीचं बियाणंही उरलेल्या हिरव्या पाण्यात भिजवलं होतं. आम्ही फवारणी करून सोलापूरला निघालो की कॅनच्या तळाशी राहिलेलं पाणी बादलीत ओतायच्या, कडुलिंबाचा डहाळा त्यात बुडवायच्या आणि साध्या पट्टीवर शिंपडत जायच्या. दोन्ही वेळेला. सिद्रामलासुद्धा पत्ता नव्हता.

मी भडकले. माझा राग मुळातच नाकावर, त्यात निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. सगळ्या बायामाणसांसमोर मी म्हणाले, "मावशी, तुम्ही माझ्या अख्ख्या वर्षाचं वाटोळं केलंत!"

त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "बाई, एका पंगतीत बसवायचं, निम्म्यास्नी वाढायचं आन् निम्म्यास्नी त्येंच्या तोंडाकडं बगत बसवायचं, आसं आमच्यात करत न्हाईत."

मी पर्स उचलली आणि टेम्पोत जाऊन बसले. निरोपही घेतला नाही. आमचे कॅन वाहणारे टेम्पोवाले रशीदभाई टेम्पो घेऊन रस्त्याला लागले. मग म्हणाले, "म्याडम, बुरा नक्को मानो. बुढ्ढी गलत नै बोली." ते मलाही कळत होतं, म्हणूनच जास्त राग आला होता. अहवालात साहेबांनी खरं ते लिहिलं: प्रयोग बिघडला, फरक दाखवता येत नाही. शेजाऱ्याच्या रानाशी तुलना करून आकडे सजवता आले असते. साहेबांनी ते केलं नाही आणि त्यासाठी मी त्यांना अजून मानते. वरून आणखी एक हंगाम मिळाला, शेवटचा.

रान तेच हवं होतं, कारण त्या मातीची सगळी तपासणी झालेली. म्हणजे माफी मागायला मलाच जायला हवं होतं. पेरणीच्या आधी गेले. कोंडाबाईंनी काही झालंच नाही अशा थाटात ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही. स्वतः नुसत्याच समोर बसल्या.

"तुम्ही?" मी विचारलं.

"माजी एकादशी हाय. तुमी जेवा."

माझा घास हातातच राहिला. म्हटलं, "मावशी, एका पंगतीत मी जेवतेय आणि तुम्ही बघत बसलाय. हे कसं चालतं?"

"मी आपखुशीनं उपास धरलाय. मला काय कुनी उपाशी ठिवलंय व्हय?"

"मग साध्या पट्टीनं उपास धरलाय असं समजा ना. एकाच हंगामाचा. आणि कोरडा नाही, साधं पाणी देतोच की आपण तिला."

त्या विचारात पडल्या. मला वाटलं, जिंकले. मग हळूच म्हणाल्या, "उपास ज्येचा त्येनं धरायचा आसतो, बाई. त्या ज्वारीला कुनी इचारलं?"

लॅबमध्ये हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. मी भाकरी मोडत राहिले. थोड्या वेळानं त्यांनीच तोड काढली. "तिला बोलता येत न्हाई, तवा तिच्या वतीनं मी धरते. तिला तुमचं पानी मिळंपातूर मी चहा सोडला."

सिद्राम चुलीपाशी हसायला लागला. "आये, चार दिस बी निगायचं न्हाई!"

"गप रं," त्या म्हणाल्या. आणि खरंच सोडला.

त्या हंगामात परतीचा पाऊस लवकर थांबला. थंडीत ओल खाली खाली जात राहिली. हिरव्या पट्टीनं बरा तग धरला होता, साधी पट्टी दुपारी पानं वळून उभी राहायची. माझ्या प्रयोगाच्या दृष्टीनं ते उत्तम होतं, आणि मला त्याचा आनंद झाला की अपराधी वाटायचं, असं विचित्र चाललेलं. पीक निसवायच्या, कणसं बाहेर पडायच्या सुमारास सिद्रामचा फोन आला. "म्याडम, आई सकाळधरनं कॅन घिऊन बांदावर बसलीया. तुमी या बरं."

रशीदभाईंनी टेम्पो असा हाकला की मी दोन्ही हातांनी दार धरून बसले होते. पोचलो तर कोंडाबाई साध्या पट्टीच्या कडेला, मांडीशी कॅन. झाकण बंद. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "वतलं न्हाई. बगा पायजे तर. निसती बसलेय, तिला जरा सोबत." डोळ्यांत पाणी होतं. मी शेजारी बसले. आम्ही दोघी त्या मलूल ज्वारीकडे बघत राहिलो. मग मला राहवलं नाही, आणि गेल्या वर्षीच्या बोलण्याची माफी मी तिथं मागितली. जेवणाच्या ताटावर ती राहूनच गेली होती. त्या म्हणाल्या, "आवो, चहा सोडल्यापासनं माजंच टकुरं लई दुकतंय, आता रडवू नगा." मग आम्ही दोघी हसलो.

आमच्याकडे रब्बीची ज्वारी बहुतेक ठिकाणी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. बायका ओळीनं वाकून दोन्ही हातांनी धाट धरतात, हिसका देतात आणि माती झटकून मागे टाकतात. काढणीच्या दिवशी साध्या पट्टीतून बायका गप्पा मारत सरसर पुढे गेल्या. हिरव्या पट्टीत शिरल्या आणि गप्पा थांबल्या.

"आगं बया, ह्यो काय परकार?" एकीनं कंबर धरली. "हितं शिमीट वतलंय का काय?"

"माजं हात सोललं की!" दुसरी ओरडली. "कोंडाकाकू, ह्या पट्टीत एका धाटाला दोगी लागत्यात!"

मी चपला टाकून ढेकळांतून पळाले. साठीच्या आसपासची बाई अशी पळताना गावानं पहिल्यांदाच पाहिली असणार. उपटलेलं एक धाट हिरव्या पट्टीतलं घेतलं, एक साध्या पट्टीतलं, आणि माती झटकून शेजारी शेजारी धरली. साध्याची मुळं वीतभर, विरळ. हिरव्याची दाट जटा, आणि टोकं तुटून मातीतच राहिलेली, म्हणजे ती आणखी खाली गेली होती. इतकी वर्षं मी हे काचेच्या नळीत, कागदाच्या आलेखात पाहिलं होतं. कुणाच्या तळहाताला कळलेलं पहिल्यांदा पाहिलं. बाया आम्हाला शिव्या घालत होत्या आणि मला आनंदानं रडू येत होतं. त्यातल्या एकीनं विचारलं, "ह्यास्नी काय झालं?" रशीदभाई म्हणाले, "कुच नै, पास हो गई वो."

तरी काटा बाकी होता. मळणीच्या दिवशी साहेब स्वतः आले. तेव्हा रमजान सुरू झालेला, रशीदभाईंना रोजा होता. तरी पोती उचलायला तेच पुढे. साहेबांनी सगळी वजनं केली आणि वहीत लिहिली. म्हणाले, "परत करा." परत केली. फरक तेवढाच राहिला. डोंगराएवढा नव्हे, पण कुणालाही लपवता येणार नाही इतका. कडब्याच्या पेंढ्यासुद्धा हिरव्या पट्टीच्या जास्त भरल्या. साहेबांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "बाई, दुचाक्या उन्हातच राहू देत." टाक्या वाचल्या. मी गेल्या पावसाळ्यात निवृत्त झाले, आणि त्या अजून आहेत. माझं विरजण आता दुसऱ्या हातात आहे, पण खिडकीतली बाटली काही मी परत केलेली नाही.

वजनं झाली, पंचनामा झाला, आणि कोंडाबाई उठल्या. टेम्पोत मी मुद्दाम एक भरलेला कॅन आणला होता. त्यांनी तो मागून घेतला, रिकाम्या साध्या पट्टीत गेल्या आणि कडुलिंबाच्या डहाळ्यानं उघड्या मातीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं पाणी शिंपडलं. रानात पीक नव्हतं, त्याचा काही उपयोग नव्हता, आणि साहेबांसकट कुणीही तसं बोललं नाही. कॅन उलटा करून त्यांनी शेवटचा थेंबही मातीत झटकला. "सुटला गं बाई तुजा उपास," त्या जमिनीला म्हणाल्या.

सिद्रामच्या बायकोनं तिथंच तीन दगडांवर चहा ठेवला होता. गुळाचा, आल्याचा, कोंडाबाईंना पाच महिन्यांनी मिळणारा. सगळ्या वावरभर वास सुटला. पहिला कप कोंडाबाईंच्या हातात गेला. त्यांनी तो ओठांपर्यंत नेला आणि तिथंच थांबल्या. समोर रशीदभाई पोत्याला टेकून बसले होते, हात रिकामे.

"तुमी?"

"माझा रोजा हाय मावशी. तुमी प्या, बिनधास्त प्या. लई वाट बघितलीया."

कोंडाबाईंनी मावळतीकडे पाहिलं. सूर्य अजून कडब्याच्या गंजीच्या वर होता. त्यांनी कप खाली ठेवला आणि त्यावर बशी झाकली.

"मावशी, अहो, घ्या ना!" मी म्हणाले.

"पाच म्हैनं कळ काढली," त्या म्हणाल्या. "तासभरानं काय हुतंय?"

मग साहेबांनी आपला कप खाली ठेवला, मी ठेवला, सिद्रामनं ठेवला, आणि ज्यांचे हात सोलले होते त्या बायांनीही ठेवले. सिद्रामच्या बायकोनं कपाळाला हात लावला आणि सगळा चहा परत पातेल्यात ओतला. आम्ही तसेच बसून राहिलो. रशीदभाईंनी रुमालात बांधलेला खजूर काढला, सगळ्यांना पुरेल का म्हणून मोजला आणि प्रत्येकाचे दोन दोन तुकडे केले.

सूर्य टेकला. चहा परत तापवून कडू झाला होता. कोंडाबाई तीन कप प्यायल्या.